नायलॉनची गाठ

श्रावण लागला की आमच्या वाडीतल्या माडांखाली जाळ्यांचे ढीग पडतात. निळी, हिरवी, कुठे पोपटी. कारखान्यातून विणूनच येतात. टेम्पोतून उतरवायची, वर बोये बांधायचे, खाली शिसं ओवायचं आणि नारळी पौर्णिमेची वाट बघायची. मी काठी टेकत तिथवर जाते, वाकून वास घेते. पोरं हसतात. "आजी, काय हुंगतस?" काही नाही, बाबा. वास येतो का बघते. येत नाही.

सुताच्या जाळ्यांना वास होता. ऐनाची साल मोठ्या काहिलीत उकळत ठेवायची आणि तिच्या काळ्या-तांबड्या काढ्यात जाळी बुडवायची. बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. एवढं केलं तरी सूत कुजायचं ते कुजायचंच. आषाढभर घराघराच्या पडवीत बायका-माणसं जाळी विणत बसलेली असत, बाहेर समुद्र कोणाचंच ऐकत नसे, आणि त्या सालीचा तुरट वास भातात, अंथरुणात, केसांत शिरून बसलेला असे. लग्न होऊन मी विजयदुर्गाहून मालवणला आले तेव्हा दोन्हीकडे वास तोच होता. त्यामुळे माहेर सोडल्यासारखं फारसं वाटलंच नाही.

घरात आम्ही चौघं. सासरे, त्यांना सगळे आबा म्हणत. होडीचे तांडेल तेच. माझा नवरा वामन. त्या काळी नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, आता घेते, कोण अडवणार? आणि वामनची थोरली बहीण, माझ्या वन्सं, चंद्रा. लग्नानंतर वर्षाच्या आत त्यांचा नवरा तापाने गेला आणि त्या बापाच्या घरी परत आल्या, त्या कायमच्याच. सासूबाई मी येण्यापूर्वीच गेलेल्या.

वन्संच्या हातची जाळी साऱ्या किनाऱ्यावर ओळखली जात. बांबूची एक चपटी सुई, तिच्या पोटात सूत गुंडाळलेलं; डाव्या हातात मापाची पट्टी. सुई आत जाई, बाहेर येई, करंगळीला एक हिसका, गाठ. बघणाऱ्याला वाटावं, ही बाई हवेतच काहीतरी खुडते आहे. एक डोळा दुसऱ्याहून लहान-मोठा नाही. डोळा म्हणजे जाळ्याची खिडकी, जिच्यात माशाचं डोकं अडकतं. लोक जाळं हातात घेऊन ताणून बघत, मान डोलवत आणि आबांना म्हणत, "बरा जाळा आसा तुझा." आबा "हूं" करत. आतल्या बाजूला उभ्या असलेल्या लेकीकडे ते बघत नसत. जेवताना मात्र बघत. "खा, खा. घोवाक खाल्लंस, आता बापाक खा." वन्सं मान खाली घालून पेज पीत. मला पहिल्यांदा ऐकताना घास उतरला नव्हता. नंतर उतरायला लागला. माणसाला कशाचीही सवय होते, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

वन्सं काही गरीब गाय नव्हत्या. जिभेला त्यांच्याही धार होती आणि बापावर चालत नाही म्हणून ती माझ्यावर चाले. जाळ्याला त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही. "तुझ्या हातात पळी बरी दिसता," असं म्हणत. मी पळी धरली.

गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. हद्दीवरची अडवणूक संपली होती, होड्या पणजीपर्यंत बिनघोर जाऊ लागल्या होत्या. वैशाखाच्या शेवटी वामन तिकडून परत आला तो खांद्यावर एक पांढरंशुभ्र गाठोडं घेऊन. सोडलं, तर आत दोऱ्याच्या लडींचे बिंडे. साखरेसारखे चकचकीत, हाताला थंड. वन्संनी एक बिंडा उचलला आणि लगेच खाली ठेवला, गार मासा हाताला लागावा तसा.

"नायलॉन," वामन म्हणाला. "आबा, थयसर सगळे ह्याच वापरतत. ह्या कुसणा नाय. सालीत उकळूक नको, सुकवूक नको. पाण्यात दिसणासुद्धा नाय. सुरमयेक कळाच्या आधी ती आत!"

वामनचं सगळं असंच. नवीन काही दिसलं की त्याचे डोळे लहान मुलासारखे होत. मला ते फार आवडायचं, हे मी त्याला कधी बोलले नाही. बोलायची पद्धत नव्हती.

आबांनी दोरा दातात धरून चावला. तुटेना. त्यांनी पुन्हा चावला. मग तो नीट गुंडाळून वन्संच्या पुढ्यात टाकला.

"नारळी पुनवेक जाळा तयार व्हया."

"माका ह्याची सवय नाय, आबा. आधी थोडा करून बघतंय."

"बघूक कित्या व्हया? जाळा तां जाळा. बसान खातस ना? मगे वीण."

तो आषाढ मी विसरायचा म्हटला तरी विसरता येणार नाही. ज्या बाईला डोळे मिटून विणता येत होतं, तिला पहिल्या दिवशी एक गाठ बसवता येईना. बांबूच्या सुईला बारीक कुसं असतात. सुताला ती कधी जाणवली नव्हती, नायलॉन मात्र प्रत्येक कुसाला अडकायचं आणि पिंजायचं. वन्संनी सुई खोबरेलात भिजत घातली. मग दोरा इतका निसटू लागला की सुईच्या पोटात राहीना. कासाराकडून पत्र्याची सुई करून आणवली. तिच्या कडांनी दोरा कापला, बोटंही कापली. मग कुणाकडून तरी म्हशीच्या शिंगाचा तुकडा मिळवला आणि पडवीत बसून फुटक्या काचेने तो खरवडायला लागल्या. खर्र, खर्र. तो आवाज पावसातही ऐकू यायचा. शिंगाची सुई गुळगुळीत झाली पण जाड. डोळ्यातून आरपार जाईना. आणखी खरवडली. मोडली. दुसरं शिंग आणलं.

मापाची पट्टीही चुकायला लागली. सूत पाण्यात आटतं, म्हणून सुताचा डोळा थोडा मोठा धरायचा, हे त्यांच्या बोटांना न सांगता माहीत होतं. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं. म्हणजे बोटांना जे माहीत होतं ते सगळं उलटं. जुना हात विसरायचा आणि नवा अजून आलेला नाही, अशा मधल्याच जागी त्या अडकल्या होत्या. मी चुलीपाशी बसून बघायची. कधी कधी त्यांचे ओठ हलत. मला वाटे, देवाचं नाव घेतात. एकदा जवळ गेले तर ऐकू आलं, त्या दोऱ्याला शिव्या घालत होत्या. एकामागून एक, हलक्या आवाजात.

सुताचं टोक त्या नेहमी दाताने तोडत. हे तुटेना. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा वामनने युक्ती सांगितली, दिव्याच्या ज्योतीवर धर म्हणून. दोरा वितळून टोकाला काळा मणी झाला. वन्सं त्या मण्याकडे कितीतरी वेळ बघत होत्या.

"ह्या सूत न्हय गो," त्या मला म्हणाल्या. त्या महिन्यात त्या माझ्याशी एवढं एकच वाक्य नीट बोलल्या असतील.

आषाढ संपता संपता अर्धं जाळं झालं. आबांना दम निघत नव्हता. पावसाने जरा उघडीप दिली तशी ते म्हणाले, खाडीत टाकून बघू. किनाऱ्यावर माणसं जमली. नायलॉनचं नाव सगळ्यांनी ऐकलं होतं, जाळं कोणी पाहिलं नव्हतं. जाळ्याला दगड बांधून पाण्यात सोडलं आणि दोन्ही बाजूंनी ओढलं. वर आलं ते जाळं नव्हतंच. गाठी घसरून एकमेकींच्या अंगावर गेल्या होत्या. एका ठिकाणी डोळा माणसाच्या डोक्याएवढा, शेजारी नुसता गुंता.

पहिल्यांदा कोणी हसलं नाही. मग एकजण म्हणाला, "ह्याच्यात मासो नाय, देवमासो गावतलो." आणि सगळे हसले. वामनही हसला. मला तो हसताना स्पष्ट दिसतो अजून, मान मागे टाकून, दात दाखवून. वाईट मनाने हसला नव्हता तो. सगळे हसले म्हणून हसला.

आबा मात्र हसले नाहीत. ते ओलं जाळं त्यांनी उचललं, वाळूतून चालत वर आले आणि वन्संच्या गळ्यात घातलं.

"घे. दुसरेपणाचो हार घे."

पांढऱ्या कपाळाच्या बाईला भर किनाऱ्यावर दुसऱ्या लग्नाचा हार. त्यातून पाणी गळत होतं, दगडांसकट ते जाळं त्यांची मान खाली ओढत होतं. वन्संनी ते काढलं नाही. तसंच गळ्यात घेऊन घरापर्यंत चालत आल्या. मी मागून. वाटेत बायका दारात उभ्या. पडवीत आल्यावर त्यांनी ते उतरवलं, पायांवर घेतलं आणि गाठी उसवायला सुरुवात केली.

 पुढचे दिवस वन्सं गाठी घालून घालून सोडवत. एक वेढा जास्त देऊन बघितला, उलटा देऊन बघितला. शेवटी दोरा दोनदा फिरवून घातलेली एक गाठ त्यातल्या त्यात धरू लागली. तीही पाण्यात हळूहळू सैल व्हायचीच. मग एके दिवशी पेजेच्या तपेल्याचा कान निखळला तेव्हा त्यांनी हाताशी असलेल्या नायलॉनच्या तुकड्याने तो बांधला. पेज उतू गेली आणि तिचं कढत पाणी त्या गाठीवरून वाहिलं. तपेलं उतरवून मी तो तुकडा सोडायला गेले, तर सुटेना. नखं दुखावली. वन्संनी माझ्या हातातून तपेलं ओढून घेतलं, गाठ बघितली, पुन्हा पुन्हा बघितली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विणलेला भाग दोन माडांच्या मधे ताणून बांधला, खाली दगड लटकवले आणि माझ्याकडून काहिलीभर पाणी उकळून घेतलं. तांब्याने ते आधणाचं पाणी त्या जाळ्यावर ओतत गेल्या. आबा दारातून ओरडले, "जाळ्याक न्हाऊक घालतस? येडी झालंस काय गो?" वन्संनी ऐकलंच नाही. वाफेत त्यांचं तोंड दिसत नव्हतं. पाणी निथळल्यावर त्यांनी जाळं दोन्ही हातांनी ताणलं, पाय लावून ताणलं. गाठ जिथल्या तिथे. वन्सं तिथेच माडाला टेकून बसल्या. हात पोळले होते, त्यांच्याकडे बघून त्या हसल्या. मी त्या घरात आल्यापासून त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

रात्री जागवून वन्संनी जाळं पुरं केलं आणि नारळी पौर्णिमेला ते होडीत चढलं. समुद्राला नारळ आबांनी वाहिला. पहिल्याच खेपेला सुरमई आली, अशी की होडी ओढायला किनाऱ्यावरची माणसं धावली. आबांनी सगळ्यांना जाळं दाखवलं. "नायलॉन," ते म्हणत, जणू त्यांनीच विणलं होतं. आठवडाभर घरात दोन्ही वेळा सुरमईचं तिखलं होतं. आबा जेवताना वन्संना काही बोलले नाहीत. मला वाटलं, आता बरे दिवस आले.

आता लिहिताना थोडं थांबावं लागतं. इतकी वर्षं झाली तरी.

गणपती गेले आणि त्या आठवड्यात एका सकाळी होडी लवकर परत आली. उन्हं नुकती वर आली होती. मी पाण्याला निघाले होते. होडी वाळूला लागली तरी कोणी उडी मारून उतरेना. मग आबा उतरले. त्यांच्या तोंडातून रक्त वाहत होतं. ओठ फाटलेले, हनुवटी लाल. मला वाटलं, मारामारी झाली. मी होडीत बघितलं. वामन जाळ्यात होता.

होडीवरचा दुसरा माणूस, तातू, त्याने सांगितलं. रडत सांगितलं, पण सगळं सांगितलं. जाळं सोडत होते. वामनच्या घोट्याला एक फास बसला, शिशाचं वजन खाली धावत होतं, तो गेला. आबांनी आणि तातूने वरून ओढलं. खाली शिसं, मधे माणूस, वर लाट. सुताचं जाळं असतं तर एका हिसक्याला फाटलं असतं. सुताच्या दिवसांत किती जणांचे पाय असे अडकले आणि सुटले. म्हणून तर होडीवर धारेचं हत्यार कोणी नेत नसे. लागलंच तर दात होते. एक बोथट कोयता होता, तो ओल्या दोऱ्यावरून नुसता घसरत राहिला. मग आबांनी दात लावले. वामनचं डोकं एकदा वर आलं होतं, तातू म्हणाला. त्याने बापाकडे बघितलं होतं. आबा चावत होते.

वन्सं स्वयंपाकघरातली आदोळी, म्हणजे विळी, घेऊन आल्या. मासे चिरायची, तीच. होडीत चढल्या आणि भावाच्या पायाशी बसून जाळं कापायला लागल्या. तोंडाने रडत होत्या, मोठ्याने, "बाबू रे, माझ्या बाबू रे." मी त्यांच्या हाताकडे बघत होते. मला दुसरीकडे कुठे बघवत नव्हतं. तो हात गाठ सोडून, गाठीच्या अलीकडे, दोऱ्यावर कापत होता. प्रत्येक वेळी. म्हणजे मागाहून सांधायला सोपं जाईल असा. त्यांना हे कळत नव्हतं, मला खात्री आहे. हाताला कळत होतं.

बारावं झालं, तेरावं झालं. त्यानंतरच्या सकाळी आबांनी ते जाळं पडवीत आणून टाकलं. मधोमध भोक.

"सांद," ते म्हणाले.

वन्सं उठल्या नाहीत.

"तुझी गाठ सुटली असती तर झील वाचलो असतो माझो," आबा म्हणाले. ओठ नीट भरले नव्हते, शब्द फुटत नव्हते. "त्या दिवशी सुटली सगळ्यांच्या पुढ्यात. आणि तेवा सुटूक नाय. सांद आता."

वन्संनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी काही म्हणावं अशी अपेक्षा होती की काय, कोण जाणे. मी खाली बघितलं. मग त्यांनी शिंगाची सुई काढली आणि दोरा भरायला घेतला.

भेटायला येणाऱ्या बायका थांबल्या नव्हत्या. येत, दारातच गळा काढत, मला पोटाशी धरत. मग पदराने डोळे पुसून खाली बसत आणि त्यांचा हात हळूच त्या जाळ्याकडे जाई. एक डोळा बोटात धरून ताणून बघत. "धरल्यान हां," एक म्हणाली, बारीक आवाजात. "गाठ खंयची ही, चंद्राक्का?" वन्सं तिला तुटकपणे काहीतरी सांगत. दुसऱ्या दिवशी ती दुसरीला घेऊन आली. पुढे पुढे गळा काढणं आटोपतं झालं. बसायला यायचं ते गाठ बघायलाच.

आणि मग मी आबांना ऐकलं. मी मागच्या अंगणात लाकडं गोळा करत होते. पलीकडच्या वाडीचा एक तांडेल आला होता, त्याला नायलॉन घ्यावं की न घ्यावं कळत नव्हतं. चांगलं धरतं का, तो विचारत होता, ताकदीच्या माशाला टिकेल का.

आबा म्हणाले, "माझो झील सुटूक नाय. सुरमय खंयची सुटतली?"

  मी लाकडं छातीशी धरून उभी होते. त्यांच्या आवाजात रडणं होतं की बढाई, हे मी तेव्हापासून ठरवत आले आहे. दोन्ही असेल. त्या तांडेलाने नायलॉन घेतलं. पुढच्या नारळी पौर्णिमेला आमच्या किनाऱ्यावर सुताचं जाळं शोधावं लागलं.

वन्संनी सगळ्यांना शिकवलं. कोणाला नाही म्हटलं नाही. दोनदा फिरवायची, अशी दाबायची, मग आधणाचं पाणी. शिकवून झालं की प्रत्येकीला सांगत, "घोवाच्या कंबरेक सुरी बांद. धारेची." काही बायकांनी बांधली. काहींचे नवरे म्हणाले, असलं अशुभ होडीत नको.

माझ्या माहेराहून भाऊ न्यायला आला होता. मी गेले नाही.  विजयदुर्गात भावाच्या घरी बसून "खा, खा" ऐकण्यापेक्षा इथे ऐकलेलं बरं, एवढं तरी होतंच. आबा आता जेवताना आम्हां दोघींना मिळून बोलत. तेच शब्द, फक्त आता अनेकवचनात.

एक दुपार आठवते. पाऊस पूर्ण गेला होता, ऊन वाळूवर कोरडं पडलं होतं. वन्सं पडवीत भोकाच्या कडा सांधत होत्या आणि मी समोर भिंतीला टेकून बसले होते. विधवा झाल्यापासून मला हातांचं काय करायचं ते कळत नसे. पळी धरावी एवढा स्वयंपाक घरात राहिला नव्हता. वन्संनी मान वर केली नाही. सुईत दोरा भरला आणि ती सुई माझ्यापुढे धरली.

"घे."

"माका नको."

"नको काय? ह्यो बापूस उद्या मरतलो. मगे काय खातलंव आपण? घे."

मी सुई घेतली. शिंगाची, त्यांच्या हाताने ऊबदार झालेली. त्यांनी माझी बोटं धरून दाखवलं. दोरा आत, एकदा फिरवायचा, पुन्हा फिरवायचा, करंगळीने हिसका. माझी घसरली. पुन्हा घसरली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते वामनसाठी नव्हतं, गाठ बसत नाही म्हणून होतं. हे मला तेव्हाच कळलं आणि तरी मी थांबले नाही. दुपार सरत आली. ऊन पडवीतून अंगणात गेलं. आणि मग एकदा दोरा बोटाखाली स्वतःच आवळला, कुठेतरी आत बारीक कट् असा आवाज झाला, आणि तो सरकेना.

वन्संनी माझ्या हातून जाळं घेतलं. दोन्ही हातांनी ताणलं. पाय लावून, सगळा जोर काढून ताणलं. गाठ हलली नाही.

"बरी झाली," त्या म्हणाल्या.

त्यांनी मला आजवर असं काही म्हटलं नव्हतं. आणि मला, वेतोबाची आण, मला बरं वाटलं.